सितलालीचे पांढरे सँडल

११ फेब्रुवारी
नवऱ्याचं अपील दाखल झालं. वकीलबाई म्हणाल्या, "खालच्या कोर्टाने ती बारमधली जुनी हाणामारी धरली, म्हणून शिक्षा एवढी वाढली. वरचं कोर्ट कदाचित ऐकेल." कदाचित!

मेक्सिकोला हद्दपार केल्यावर अमेरिकेत परत आला, हा निकांद्रोचा गुन्हा. आला, हे खरंच. पण कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. मुलीचा पंधरावा वाढदिवस होता. त्या दिवशी आमच्यात रीतच आहे, बापाने सगळ्यांदेखत गुडघे टेकायचे, मुलीचे सपाट बूट काढायचे आणि पहिले उंच टाचांचे सँडल घालायचे. वाळवंट तुडवून टूसॉनला पोचला आणि घराजवळच्या वळणावर सापडला.

२ मार्च
नणंद चायो म्हणाली, "काका घालेल सँडल. उरकून टाकू."
सितलाली म्हणाली, "मग बाबाही त्यालाच म्हणू का?"
सँडलचा खोका परत कपाटावर.

१९ मार्च
दारावर थाप पडली. आम्ही दोघी न्हाणीघरात, श्वास रोखून. शेजारीण मक्याचे गरम तमाले खायला द्यायला आली होती. मला हसू आलं नाही. कागद माझ्याकडेही नाहीत. म्हणून तुरुंगात त्याला भेटायलाही जाता येत नाही. दारातच ओळखपत्र मागतात.

२८ मे
जिंकलो! जुनी शिक्षा रद्द, आता नव्याने ठरवणार. चायो म्हणाली, "वहिनी, आता तरी हस." हसले.

१७ जून
जज म्हणाले, भोगली तेवढी पुरे. मी वकीलबाईंना विचारलं, घरी कधी येईल?
"घरी नाही, हर्लिंदा. बस नोगालेसला सीमेपलीकडे सोडते. आणि पुन्हा आला, तर याहून जास्त वर्षं आत जाईल."
हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. जिंकायच्या नादात तिकडे बघितलंच नाही. आणि सुटका नेमकी जूनमध्ये, वाळवंट माणसाला भाजून काढतं तेव्हा.

१८ जून
त्याचा फोन आला. "परवा सोडतायत. सँडल पुसून ठेव. येतोच मी."
तुरुंगवाले फोन ऐकत असतात, म्हणून पुढे बोलला नाही. मला कळायचं ते कळलं. माझा भाऊ फर्मिनही असाच जूनमध्ये चालत निघाला होता. त्याची फक्त टोपी मिळाली.

अपील हरलो असतो तर तो जिवंत तरी राहिला असता, असं आज मनात आलं. कुणाला सांगू हे?

२० जून
चायोला किल्ली दिली. ती रडायलाच लागली. "वहिनी, एकदा गेलीस की तुला परत येता येणार नाही." माहीत आहे. सितलाली इथे जन्मलेली, ती येईल. मी नाही.

आम्ही दोघी नोगालेसच्या बसमध्ये बसलोय. खोका सितलालीच्या मांडीवर आहे. तो वाळवंटात चालायला लागायच्या आत पोचलं पाहिजे.