वायरला मी हात लावलेला नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

नेट परत मेलं. आणि घरात सगळे माझ्याकडे बघतात, जसं काही मीच ते गिळलं. आधी एवढं लिहून टाकते, देवाचं नाव नंतर.

श्री.

आता नीट. आकांक्षा, माझी नात, घरात बसून लॅपटॉपवर नोकरी करते. विम्याच्या कंपनीत लोक तक्रारी करतात, त्या फोनवर ऐकायच्या. दिवसभर परक्यांना सॉरी सॉरी. घरात कुणाला एकदा म्हणाली असेल तर शपथ. ऑफिसचा नियम असा की नेट वायरनेच हवं, हवेतलं चालणार नाही. हे मात्र मला पटलं. हवेतलं नेट म्हणजे चाळीचा नळ, कुणीही यावं नि बादली लावावी.

पण ही वायर धड नाही. मिनिटभर चालते, मरते. मी रोज दुपारी केर काढताना तिला लॅपटॉपमधून उपसते, ओल्या फडक्याने पुसते, परत खोचते. एवढी निगा कोण राखतं? तरी हे.

रात्री आकांक्षा तिच्या आईला, म्हणजे आमच्या मालनला, हळूच सांगत होती. लाइन अशीच राहिली तर नोकरी जाईल, त्यापेक्षा मी अँटॉप हिलला मावशीकडे राहायला जाते. मला नाही सांगितलं. मी झोपले होते, पण कान झोपत नाहीत.

जा म्हणावं. दुपारी पाय पसरायला जागा होईल.

निश्चय: ही वायर मी सुतासारखी सरळ करणार. नातीसाठी नाही. घरात बिघडलेली वस्तू मला बघवत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी केबलवाला धनेश आला. पोट आधी आलं, तो मागून. वायरचं टोक डोळ्याजवळ धरून म्हणाला, इथे प्लास्टिकचा खटका असतो, तो मोडलाय, म्हणून टोक निसटतंय. कुणीतरी रोज ओढतं वाटतं.

मालनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नवीन टोक शनिवारी लावतो म्हणाला, आत्ता सामान नाही. ज्याला आजची सबब सापडत नाही तो शनिवार सांगतो. जाताना वर मलाच, काकी, तोपर्यंत हात नका लावू हां. मेल्याला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून बघतेय.

निश्चय: वायरला हात लावणार नाही. तो म्हणाला म्हणून नाही. मला कामं आहेत.

दुपारी

केर काढायचा होता. केराला वायर कळत नाही. उपसली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जमलं! टोकाच्या बाजूने उदबत्तीची काडी मोडून दाबून बसवली. हिरवा दिवा टकाटक लागला. शिकलेल्या लोकांना हे का सुचत नाही, कळत नाही.

आकांक्षा म्हणाली, वा आजी. एवढंच. पण म्हणाली.

दुपारी दोघीच असतो. माझा मुलगा आनंदा ड्यूटीवर, सून मालन दादरला साडीच्या दुकानात. बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवताना पोरगी गिऱ्हाइकांचे किस्से सांगते. आज एका बाईने नवरा गेल्याचं कळवायला फोन केला, तर कंपनीने तिला अर्धा तास गाणं ऐकवलं, थांबा म्हणून. मी म्हटलं, तिला सवय असेल गो, नवऱ्यानेही जन्मभर थांबच सांगितलं असेल. हसता हसता ठसका लागला पोरीला. पाठीत धपाटा घातला तेव्हा थांबली.

बडबड फार करते. डोकं दुखतं माझं.

संध्याकाळी काडी मोडून लॅपटॉपच्या भोकात राहिली. काड्या हल्ली हलक्याच येतात. तिने चिमट्याने उकरून काढली. तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि परत कामाला बसली. ही रीत तिच्या आजोबांची.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उद्या सकाळी अकराला तिच्या मोठ्या सरांचा कॉल आहे. नोकरीत पक्की करायची की नाही, ते ठरणार. जेवताना सगळ्यांना सांगितलं, प्लीज, उद्या वायरच्या बाजूला कुणी फिरकू नका. सगळ्यांना सांगायचं तर सगळ्यांकडे बघावं. माझ्याकडेच बघत होती.

मी विचार केला. दोष टोकात नाहीच. उंबऱ्यापाशी वायर दारात सापडून चपटी झालीय, खरं दुखणं तिथे. धनेशला काय कळतं? मी गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. धाग्यात खराब तुकडा आला की तो तोडायचा, दोन टोकांची गाठ मारायची, पुढे चालू. माझी गाठ कापडात कुणाला हाताला लागली नाही. साहेब भिंग लावून शोधायचा.

वायर म्हणजे तरी काय? जाडा धागा.

उद्या ती आंघोळीला गेली की करून टाकते. कुणाला सांगणार नाही. श्रेय नको मला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळी

अडकित्त्याने कापली. आतून आठ धागे निघाले. एवढे कशाला घालतात? रंगाला रंग जोडला. पांढऱ्यांवर बारीक पट्टे होते म्हणे, चष्मा कपाटात होता, मला सगळे पांढरेच. पांढऱ्याला पांढरा बांधला. गाठी अशा बसल्या की खात्यातल्या बायका असत्या तर बघायला जमल्या असत्या. वरून औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी. झोकात काम.

दुपारी

दिवा लागला नाही. हिरवा नाही, लाल नाही, कसलाच नाही.

आकांक्षा वायर चाचपत उंबऱ्यापर्यंत गेली. मी म्हटलं, उंदराने कुरतडली असेल. तर म्हणते, आजी, उंदीर चिकटपट्टी लावतो का?

मग लॅपटॉप उराशी धरून अनवाणी पळाली, शेजारी रुपालीकडे. तिथल्या हवेतल्या नेटवर बोलली. म्हणे सरांचं तोंड पुढे, आवाज मागे, आणि मध्येच सगळं बंद. पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. ती शेवटची संधी.

आनंदाने कामावरून फोन करून मला विचारलं, आई, तू कापलीस? मी म्हटलं, खराब होती ती. कापली असं नाही म्हणाले मी. खोटं बोलले नाही.

चूक खरं तर धनेशची. मंगळवारीच टोक लावलं असतं तर मला उठावं लागलं असतं का?

शनिवार, ८ फेब्रुवारी

गेली. बॅग, लॅपटॉप, एक उशी. मावशीकडे उशा नाहीत बहुतेक.

मी म्हटलं, धनेश आज येतोय, थांब की संध्याकाळपर्यंत. म्हणाली, आजी, धनेशने लावलं तरी तू उपसणारच. ओरडून बोलली असती तर मीही दोन दिल्या असत्या. हळू बोलली. पाया पडली आणि जिना उतरली.

मालन रडत भांडी घासत होती. दोन्ही कामं एकदम केली की एकही धड होत नाही, हे तिला सांगितलं.

चार दिवसांत येते परत. मावशीच्या जेवणाला मीठ नसतं.

धनेश आला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

धनेश उगवला. नवीन वायर, छताला लागून, खिळे मारून, थेट टेबलापर्यंत. केरसुणी पोचणार नाही अशी. मीच सांगितलं तसं करायला. त्याने विचारलं, लॅपटॉप कुठाय, चेक करतो. मी म्हटलं, बाहेर गेलाय. मग त्याने खिशातली डबी लावून बघितली. लाइन एकदम मक्खन, म्हणाला.

मालनला सांगितलं, पोरीला कळव, लाइन झाली. ती म्हणाली, कळवते. कळवलं की नाही, मी विचारलं नाही. मला काय पडलंय.

दुपारी पाय पसरून झोपले. झोप लागली नाही. उन्हाने.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बांगडा आणला नाही. एकटीसाठी कोण वाटण करतं?

मालन रात्री मोबाइल घेऊन बाहेर गॅलरीत जाते. हळू बोलते, हसते. आत आली की चेहरा सरळ. मी विचारत नाही. ती सांगत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आकांक्षा पक्की झाली. शुक्रवारीच. मला आज कळलं, तेही रुपालीकडून, नळावर. रुपालीला वाटलं मला माहीत असणार. मी म्हटलं, माहीत आहे तर, पेढे पण वाटले. खोटं बोलले.

मालनला विचारलं. म्हणाली, आई, तुम्हाला सांगणारच होतो. लाइन झाल्याचं तिला तेव्हाच कळवलं होतं. पण आता तिने ऑफिसात मावशीचाच पत्ता दिलाय, कंपनी तिकडेच वायर बसवून देणार. सणासुदीला येईल म्हणाली.

मी म्हटलं, बरं.

पोरीच्या तोंडून मी यातलं काही ऐकलेलं नाही. म्हणून आज ठरवलं आणि जेवताना दोघांना सांगून टाकलं. रात्री मालनचा मोबाइल वाजेल. मालनने तो उचलायचा नाही. आनंदाने हात लावायचा नाही. गॅलरीत कुणी जायचं नाही. मी उचलणार. हिरवं बटण कुठलं, तेवढं आधी दाखवून ठेवा.