डॉक्टरांचं दुसरं वाक्य

३ नोव्हेंबर, सोमवार
२८ तारखेला मी लिहिलं होतं, "डॉ. म्हणाल्या, मोठी चीर नाही." चूक. त्यावर एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. शाळेच्या आधी आत्यानं घरीच लिहायला शिकवलं, तेव्हाचा तिचा नियम. चूक लपवायची नाही, खाली खरं लिहायचं.
तर बाबांच्या ऑपरेशनबद्दल डॉ. म्हणाल्या ते खरं : "छातीत आणि पोटात छोटी भोकं पाडून अन्ननलिकेचा गाठीचा भाग काढू. जठराची नळी करून वर मानेत जोडू, तिथे लहानशी चीर. पण आत फार चिकटलेलं असलं, तर त्याच वेळी छाती उघडावी लागेल."
बाबा तेव्हा श्वासाच्या तपासणीला गेले होते. बाहेर आल्यावर त्यांना भोकांचं तेवढं सांगितलं. ते इतके खूश झाले की दुसरं वाक्य राहिलं.
राहिलं नाही. ठेवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
केमो आणि रेडिएशन संपून महिना झाला. आज बाबांनी भाकरी कालवणात भिजवून खाल्ली, अर्धी! आत्याचं याच रोगाचं ऑप. पंधरा वर्षांपूर्वी, जुन्या पद्धतीनं, छाती उघडून. बाबा तिच्यासमोरच म्हणाले, "ताईसारका मना फारनार असतील तं मी घरातून हलनार नाय."
आत्या : "फाडलं म्हणून तुझी कटकट ऐकायला उरलेय. जेव गुमान."
दोघं हसले. मी पाणी आणायला उठले.

८ नोव्हेंबर, शनिवार
ऑप.आधी फुप्फुसं तयार हवीत म्हणून श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलंय, तीन नळ्यांत तीन प्लास्टिकच्या गोळ्या. बाबांनी फुंकलं, गोळ्या ढिम्म. मग उलटं धरून फुंकलं, तिन्ही वर! गावच्या बँडमध्ये वीस वर्षं ट्रम्पेट वाजवलंय, दम आहेच. शेजारचे काका खास बघायला आले. मी तक्ता केला. दिवसाला चार वेळा, प्रत्येकाला टिक.

११ नोव्हेंबर, मंगळवार
फिजिओथेरपीच्या मॅडमनी बाबांचा सराव पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, हे फुंकायचं नाही, ओढायचं! आणि सरळ धरून!"
बाबा हसून हसून खोकले. "चार दिस उलटाच फुकला गो! आनि तू मास्तरीन, टिका मारीत व्हतीस!"
सरळ धरून ओढलं, तर जेमतेम एक गोळी. तक्त्यावर रेघ मारली. मी रडकुंडीला आलेली पाहून म्हणाले, "अगं, आताच कलला ते बरा झाला. टेबलावर झोपल्यावर कलला असता तं?"
मी नवा तक्ता आखायला घेतला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन गोळ्या.
आत्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं ओरडेल. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पाठीवरचा पदर बाजूला करून ब्लाउज थोडा वर सरकवला. खांद्याच्या पात्याखालून कुशीकडे गेलेली पांढरी रेघ. वाटलं होतं त्याहून बारीक.
"हऱ्यानं, तुझ्या बापानं, बघितलीच नाय कधी. तेव्हा पट्टी बघूनच पळाला होता."
"आणि नाही म्हणाले तर? ऑप.च नको म्हणाले तर?"
"मग मी हाय ना. पण आधी तू सांग. ऐकलंस तू, लपवलंस तू."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दोन, आणि तिसरी थरथरली! बाबांनी हॉस्पिटलला नेण्याच्या पिशवीत यंत्र आपल्या हातानं ठेवलं, मग सरावासाठी परत काढलं. दोनदा. सोमवारी संमतीच्या कागदावर सही. तिथे डॉ. सगळं वाचून दाखवतील, पण बाबांनी ते आधी माझ्याकडून ऐकायला हवं. उद्या दिवसभर रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञ.
म्हणून सांगायचं रविवारी, १६ नोव्हेंबरला. सकाळी आठ वाजता, पहिला सराव झाल्यावर, श्वास जागेवर आला की लगेच.
आत्याला सव्वाआठला बोलावलंय.