दुरुस्तकरूनयेचालवूनये

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या आतेभावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच, उरलेला कंबर सुटल्यावर). तुझी तब्येत, वहिनींचं पित्त आणि तुझ्या ऑफिसची नवी इमारत ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल. कंबर का धरली ते पुढे येईलच.

मामांच्या दोन सीटच्या लाल गाडीचा शेवटच्या स्क्रूपर्यंत जीर्णोद्धार करून, त्यांची आठवण म्हणून ती ऑफिसच्या दर्शनी दालनात काचेआड ठेवायची, हा तुझा विचार वाचून गहिवरून आलं. (गाडी इथे आणि गहिवर तिथे, हे तुझं पहिल्यापासूनच आहे, पण ते असो.) मी त्याच दिवशी जुन्या गाड्यांच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे वळतात तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "तीन वर्षं लागतील." मामी दारात उभी होती. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे तुला कळवलं होतंच. त्यानंतर इतक्या बुटक्या गाडीत बसायचं नावही काढायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. ती एवढंच म्हणाली, "मग त्याआधी एकदा रस्त्यावर काढा तिला."

आता आली का पंचाईत? त्यातच गाडीच्या कप्प्यात मामांच्या हातची चिठ्ठी सापडली. मामांचा जन्म शब्दागणिक पैसे मोजणाऱ्या तारऑफिसात गेला, त्यामुळे शब्द एकमेकांना चिकटवून लिहायची त्यांची खोड तुला ठाऊक आहे. चिठ्ठीत एकच ओळ: "दुरुस्तकरूनयेचालवूनये". मी सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय, दोन शब्दांमधली जागा हा माझ्या पोटापाण्याचा विषय, आणि माझीच दांडी गुल झाली. 'दुरुस्त करून ये, चालवू नये' असं वाचलं तर मामा तुझ्या बाजूचे. 'दुरुस्त करू नये, चालवून ये' असं वाचलं तर मामीच्या. आणि अक्षर एकही बदलत नाही! भिंग लावलं, कागद उन्हात धरला, काही उपयोग नाही. मिस्त्रीला पहिलं वाचन पटलं, माझ्या बायकोला दुसरं (माझ्या मताविरुद्धचं वाचन तिला नेहमीच पटतं, आणि माझं मत अजून ठरायचं होतं तरी तिने अंदाज बांधला). मामीला विचारलं तर म्हणाली, "तू शिकलेला, तूच वाच," आणि चष्मा पुसत बसली.

शेवटी मी मामांच्या स्वभावाकडे पाहून निकाल दिला. तुला आठवत असेल, मामा दर रविवारी गॅरेजचं दार उघडून इंजिन सुरू करायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून अर्धा तास ऐकायचे आणि बंद करायचे. गाडी बाहेर कधी नाही. "वस्तू जपायची असते," म्हणायचे. असा माणूस 'चालवू नये' असंच लिहिणार! म्हणून मिस्त्री मोकळा होईपर्यंत मी स्वतःच गाडी उसवायला घेतली. दोन दिवसांत दोन्ही सीटा, हुड आणि एक दरवाजा काढून प्रत्येकावर चिकटपट्टी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर अंगणात ठेवलेल्या सीटवर मामी पाय लांब करून बसलेली, नजर फाटकाकडे. मला माझीच लाज वाटली, दादा. मी सगळं परत जोडलं. अकरा स्क्रू उरले, ते बायकोच्या बटणांच्या डब्यात आहेत.

गेल्या मंगळवारी आम्ही निघालो. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे आमची वरात गल्लीभर गाजली. बँकेसमोरच्या चौकात गाडी बंद पडली. मागे बस, तिच्या मागे सगळं शहर. मी उतरलो. मामी म्हणाली, "तू ढकल, मी बघते." मला वाटलं, रस्ता बघेल. मी कंबर मोडेपर्यंत ढकललं, इंजिन धडधडलं आणि गाडी निघाली. निघाली ती गेलीच, मामीसकट. माझ्या हातात तिचा मागचा दिवा राहिला. वाहतूक हवालदाराने विचारलं, "चोरीला गेली का?" म्हटलं, "नाही, मामी घेऊन गेली." त्याने उघडलेली वही मिटली.

दिवा काखोटीला मारून मी घरी पोचलो तेव्हा गाडी गॅरेजात मागे घेऊन, तोंड रस्त्याकडे करून सरळ रेषेत लावलेली होती आणि मामी बाजारातून आणलेले मटार सोलत होती. म्हणाली, "क्लच जरा घट्ट आहे." दादा, मग तिनेच सांगितलं, मामांना गाडी चालवता येत नव्हती. कधीच नाही. गाडी मामीची. ती चालवायची आणि मामा शेजारी नकाशा धरून बसायचे (तोही बहुधा उलटा). ती सारखी पान्हे घेऊन गाडीखाली शिरायची, म्हणून मामांनी ती चिठ्ठी तिला लिहिली होती. आणि मी निकाल दिला होता स्वभाव पाहून!

तेव्हा तुझ्या दर्शनी दालनात सध्या कुंडी ठेवावी, ही नम्र सूचना. वहिनींना नमस्कार.

तुझा,
कंबरधरला आतेभाऊ

ता. क. मामीने गाडी चालवणं का सोडलं, हे विचारल्यावाचून मला राहवलं नाही. म्हणाली, "तो झाला ना. दोन सीटा, माणसं तीन." 'तो' म्हणजे तू.

ता. क. २ वरचं सगळं गाडीविषयी होतं. ऑपरेशन सोळा तारखेला आहे. भीती वगैरे काही वाटत नाही, असं तिने मला कोणी न विचारता तीनदा सांगितलं. तू चौदाला सकाळच्या गाडीने ये. स्टेशनवर घ्यायला ती स्वतः येणार आहे, शेजारची सीट पुसून ठेवलीय. सामान थोडंच आण. मी बसने येतो.