शेंगा सोलायला या

१ डिसेंबर २०२४, रविवार

आले नाहीत. तिसऱ्यांदा!

सकाळी सव्वानऊला आईचा नांदेडहून फोन — "ह्यांचा गुडघा धरलाय गं, बसचा प्रवास नको म्हणतात." ऑक्टोबरात पित्त होतं. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला. बाबांचा गुडघा फक्त लातूरच्या दिशेनं दुखतो. रोज पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जातात तेव्हा ठणठणीत असतो.

आणि मी पाचला उठून काय काय करून ठेवलं होतं! भरली वांगी, पनीर, मसालेभात, दोन कोशिंबिरी, बासुंदी. नवा डिनर सेट खोक्यातून काढून पुसून मांडला होता. सोमेश म्हणाला, "आता हे आपण तिघं किती दिवस खायचं?" मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आत्या उठल्या. (सासूबाईंना आत्या म्हणायला मला सहा महिने लागले. आता दुसरं काही तोंडात येत नाही.) गॅलरीत गेल्या, समोरच्या केवळाबाईंना हाक मारली — "केवळा, ये की जरा. बासुंदीत साखर जास्ती पडली का काय, चाखून सांग." केवळाबाई आल्या. मागून त्यांची सून, सुनेची बहीण, खालचे भाडेकरू. वीस मिनिटांत अकरा माणसं! ताटं पुरली नाहीत, दोघींनी पातेल्याच्या झाकणात भात घेतला. वांगी तर माझ्या वाट्याला आलीच नाहीत. वाढता वाढता मला रडायचं होतं हेच विसरून गेले.

काय बाई आहे ही!

२ डिसेंबर

पनीर उरलं होतं. डब्यात नेलं. बाकी काही नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आज क्लासमध्ये दोन बॅचेस घेतल्या आणि दोन्हीकडे तेच समीकरण चुकवलं. पोरं हसली. डोकं ठिकाणावर नाही.

एकदा लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी मी आणि सोमेशनं नोंदणी करून लग्न केलं. आम्ही ब्राह्मण, हे लिंगायत. बाबा आले नाहीत. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत — "तुझं तू बघ" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई फोन करते, बाबांची खुशाली सांगते, तेही मागून "विचार तिला" असं काहीबाही म्हणत असतात. पण माझ्या घरात पाऊल नाही. आम्ही नांदेडला दोनदा गेलो तर सोमेशला चहा दिला, क्रिकेटवर बोलले, आणि आम्ही निघालो.

मला फार काही नको. बाबांनी एकदा माझ्या घरी बसून जेवावं. एकदा. बस.

सोमेश म्हणतो, "सोड की." त्याला सोडणं सोपं आहे, तो आत्यांचा, कमलम्माचा मुलगा आहे.

८ डिसेंबर, रविवार

आज आत्यांवर नजर ठेवून होते. दिवसभरात नऊ माणसं जेवून गेली आणि जेवायला कुणालाच बोलावलं नव्हतं!

दूध घालणारा रामलिंग आला. "रामलिंग, ते फळीवरचं पीठ काढून दे, माझा हात पुरत न्हाई." (पुरतो! सकाळीच मी बघितलाय.) पीठ काढलं, मग पाणी, मग "गरम भाकर हाय, खाऊन घे, उभ्यानंच खा." माणूस बसलासुद्धा. केवळाबाईंच्या हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांच्या सुनेपुढे लसूण. तेव्हा लक्षात आलं — आमच्या घरी कोथिंबीर कधीच निवडलेली नसते! मी निवडून ठेवली तर आत्यांना राग येतो. मला वाटायचं, माझं काम आवडत नाही.

विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जेवायला बोलावलं की मानूस आरशापुढं उभं ऱ्हातंय. जाऊ का नको, काय नेऊ, कोन कोन असंल. कामाला बोलावलं की हाय त्या चपलेवर येतंय."

मी इतकी शिकलेली, आणि हे मला कुणी शिकवलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

फजिती! आत्यांचं बघून आज मी देविकाला आणि तिच्या नवऱ्याला संध्याकाळी बोलावलं. "सहज या, मिळून धपाटे करू." देविका क्लासात फिजिक्स शिकवते, बोलायला फटकळ. गोंधळ नको म्हणून मी कामं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली. देविका — पीठ. अनय — कांदा, मिरची. सोमेश — दही. शेजारी वेळाही टाकल्या.

देविकानं कागद वाचला आणि म्हणाली, "प्रॅक्टिकलची बॅच लावलीस का गं? मार्क किती?"

अनयनं मिरचीचा हात डोळ्याला लावला. अर्धा तास तो बेसिनपाशी. धपाटे तव्याला चिकटले. तरी सगळे खाऊन गेले, हसतच गेले. पण आत्यांसारखं काही झालं नाही.

आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. मग माझ्या पाठीवर हात ठेवला — "मिरू, काम द्यायचं नसतंय. काम पडलेलं दिसू द्यायचं. मग ज्याचा त्याचा हात जातोय." मृण्मयी म्हणणं त्यांना जमत नाही. मला मिरूच आवडतं आता.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते अजून खरं वाटत नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तीस तारखेला आहे. सगळं लातूर त्या दिवशी शेतात असतं, दुकानांना कुलपं, रस्ता ओस. आमचं शेत औसा रोडला, ग्यानोबाकाका बघतात. भज्जीला, म्हणजे त्या दिवशीच्या मिश्र भाजीला, तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या, पावट्याच्या ढीगभर शेंगा सोलायच्या असतात. आदल्या दिवशी आमच्या गच्चीवर अख्खी गल्ली शेंगा सोलते. आत्या म्हणाल्या, "औंदा तुझ्या बापाला बोलीव."

"येणार नाहीत हो."

"नंबर लावून दे."

मी लावून दिला. आत्यांनी फोन कानाला लावला आणि एकदम खड्या आवाजात (व्याह्यांना त्या इवाई म्हणतात), "इवाई, लातूरहून कमलम्मा बोलून राहिले. जेवायला बोलवीत न्हाई तुम्हाला. येळवसीच्या दोन पोती शेंगा हायेत आन् मानसं कमी पडून राहिलेत. हात रिकामे हायेत का तुमचे?"

मला वाटलं, फोन कट झाला. आत्या मात्र तशाच उभ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. मग बाबांचा आवाज आला, बारीक — "किती पोती म्हणालात?"

"दोन."

"येतो."

आत्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. मी त्यांना मिठी मारली. हे आमच्या दोघींत पहिल्यांदाच. "सोड, सोड, दूध उतू जाईल," म्हणाल्या. गॅसवर दूध नव्हतं.

२१ डिसेंबर

गुडघ्याबद्दल अजून फोन नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

उद्या!! आत्यांनी ताकीद दिलीय — काही करायचं नाही. बासुंदी नाही, डिनर सेट नाही, गच्ची झाडायचीसुद्धा नाही. "झाडून काय करतीस, उद्या टरफलंच पडनार की." इतकं अवघड काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चारदा स्वयंपाकघरात गेले आणि चारदा परत आले.

बाबा ऐन वेळी नाही म्हणतील. मला माहीत आहे. नाही म्हणोत, पण आईच्या तोंडून नको, स्वतः सांगू देत.

२९ डिसेंबर, रविवार

आले!

अकराला रिक्षा थांबली. बाबा खाली उतरले, इस्त्रीचा शर्ट, हातात केळी. आई मागे. दारात आत्या. मी जिन्यात उभी. बाबांनी वर बघितलंच नाही, पायरीकडे बघत उभे. सोमेश पुढे झाला, पण त्याच्या आधी आत्या बोलल्या — "या इवाई. पाय धुवा आन् वर चला, शेंगा वाळून राहिल्या." जसं काही दर वर्षी येतात.

गच्चीवर पोत्यांवर दहा-बारा बायका आणि मध्ये माझे बाबा! रेल्वेच्या विभागीय कार्यालयात तीस वर्षं टेबलामागे बसलेले. सुरुवातीला एकेक शेंग चष्म्यासमोर धरून सोलत होते. केवळाबाई म्हणाल्या, "सर, अशानं पुढच्या येळवसीला भज्जी होईल." बाबांना ते लागलं. बाह्या सरसावल्या. तासाभरात केवळाबाईंशी चुरस! मध्येच सांगायला लागले, लहानपणी आजोळी कंधारला तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खायचे म्हणे. हे मी कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता चार हिरवे दाणे तोंडात टाकले. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. दोघींनीही पटकन माना खाली घातल्या.

दीड वाजता आत्या भाकरीची टोपली घेऊन वर आल्या. ठेचा, पातळ वरण, कांदा. बसा नाही, घ्या नाही. टरफलांतच जागा करून प्रत्येकासमोर ताटली ठेवत गेल्या. बाबांसमोर ठेवली आणि न थांबता पुढे गेल्या. बाबांनी ताटलीकडे बघितलं. हात पोत्याला पुसले. भाकरी मोडली.

अडीच भाकरी खाल्ल्या! वर "कांदा आहे का अजून?"

मी खाली जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दोन वर्षं साठलेलं. वर आले तर बाबा आत्यांना विचारत होते, पावटा वेगळा ठेवायचा की त्यातच टाकायचा.

३० डिसेंबर, सोमवार — येळवस

शेतातून आत्ताच आलो. अंगभर धूळ, हाताला भज्जीचा वास. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आत्यांच्या डोक्यावर आंबिलाचं मडकं, आणि त्यांच्या मागे भज्जीचं पातेलं बाबांनी उचललेलं! सोमेश "मी घेतो" म्हणाला तर "सोललंय मी," म्हणाले. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, शेतात आंबील शिंपडून झालं, मग पंगत. आत्या बांधावर उभ्या राहून रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. ओळख नाही, पाळख नाही. "ओ भाऊ, थांबा की, आंबील पिऊन जा!" दुपारनंतर त्यांचा घसा बसला. तर बाबा गेले बांधावर. हो, माझे बाबा! दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो थांबवला. टेम्पोवाला उदगीरचा होता, त्याला स्वतःच्या हातानं वाढलं, बाजरीचा उकडलेला उंडा कुस्करून भज्जीत कसा घ्यायचा तेही दाखवलं. स्वतः आजच शिकलेत.

किती माणसं जेवली माहीत नाही. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा आत्या खूश झाल्या. मी पाहुण्यांच्या धास्तीनं मरते, या बाईला उरलेल्या अन्नाची धास्ती. या बाईच्या पदरी आले हे माझं नशीब. हे कधीतरी त्यांना तोंडावर सांगायला हवं.

येताना आई-बाबांना बसस्टँडवर सोडलं. निघताना बाबा आत्यांसमोर उभे राहिले आणि एकदम वाकले! आत्या दोन पावलं मागे — "काय करून राहिलात इवाई, लोकं बघतेत!" मला वाटलं, दोन दिवसांचं प्रेम दाटून आलं.

३ जानेवारी, शुक्रवार

आईचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, ह्यांनीच सांगायला सांगितलंय. आमच्या लग्नानंतर आठव्या दिवशी आत्या नांदेडला गेल्या होत्या. एकट्या, एसटीनं, मोठा डबा घेऊन. बाबांनी दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. आई खिडकीतून बघत होती, तीही बाहेर आली नाही. पित्त, दाखला, गुडघा — सगळं त्याचंच होतं. "त्या माउलीच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे गं."

स्वयंपाकघरात गेले. आत्या डाळ निवडत होत्या. विचारलं.

"हाव, गेल्ते की," म्हणाल्या. हात थांबला नाही. "सोमेशला सांगू नको." मग एक खडा वेचून टाकत, "बरं झालं डबा परत आला ते. त्या दिवशी भाजीत मीठ लई झालतं."