पात्यांवरचे ठिपके

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि बख्शी का तालाब गावातली आपली क्रोमचा मुलामा चढवायची शेड अजून चालू आहे. गळाला लावायची पितळेची पाती अजून येतात, नखाएवढी, पाण्यात फिरली की माशाला भूल पडावी अशी चकाकी मागणारी. तुमची रीत मी सोडलेली नाही. धुतलेल्या पात्यावर पाणी सलग पसरलं तर पातं साफ. थेंब थेंब होऊन फाटलं तर तेल शिल्लक आहे, परत धुवा. एकदा मी धुतलेलं पातं उघड्या बोटांनी उचललं, तर तुम्ही तारेला ओवलेली सगळीच पाती परत सोड्याच्या पाण्यात बुडवलीत. "माशाले नाही समजत बेटा, पण आपल्याले समजते," एवढंच बोललात. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

क्रोमच्या टाकीवर मात्र तुम्ही मला कधी उभं राहू दिलं नाही. सरकारी वर्कशॉपमध्ये उभा जन्म त्याच वाफेत गेला, नाकाला वास येईनासा झाला, तरी निवृत्तीनंतर तेच काम काढलंत. टाकीमागच्या भिंतीत वाफ ओढणारा पंखा बसवलात. पण तो लावला की दारातून रस्त्याची धूळ आत खेचली जाई, ओल्या पात्यांवर बसे आणि क्रोम चढलं की तिथे ठिपका राही. माल परत येऊ लागला. मला एकही डाग नको होता, म्हणून मी पंखा बंद ठेवू लागले. तुम्ही टाकीवर वाकलेले आहात, पॉलिशची मोटर घरघरते आहे, तिच्यापुढे पंख्याचा आवाज कळत नाही, आणि न वळता विचारता, "पंखा चालू हाये ना?" मी हो म्हणते. दोन वर्षं मी हो म्हणत राहिले.

मग खोकला, रक्त, फुप्फुसाचा फोटो. डॉक्टरांनी विचारलं, "पंखा लगाते थे?" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "बिटिया बिना पंखे के काम ही नहीं करने देती थी, साहब." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तुम्हाला वर्कशॉपनेच नेलं असं सगळे म्हणतात. तसं असेलही, पण मला ते पटत नाही.

आता पंखा दिवसभर चालतो. दारावर ओलं गोणपाट टांगलं की धूळ येत नाही. इतकं सोपं होतं, बाबा.

घरी कोणी आलं की आई सांगते, "पोरीनं बापाले लय जपलं." मी चहा ठेवायला उठते. तिला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही जाब विचारायला येणार नाही. माझी हिंमत एवढीच आहे.