तुझ्या खोलीतला कापूस

नेर,
४ फेब्रुवारी २००७

प्रिय आरजू भाभी,

तुझ्या खोलीतलं शेवटचं पिल्लूही काल दुपारी गेलं. वनखात्याचे नेमसिंग येऊन पाहून गेले. त्यांनी त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली, थोडा वेळ तशीच राहू दिली आणि अब्बांना म्हणाले, "संपलं, मिस्त्री." पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं, तो हात त्यांनी बराच वेळ मिटलाही नाही आणि खालीही केला नाही.

कसलं पिल्लू, तुझ्या खोलीत कसं, ते सांगतेच. पण आधी हे वाच, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझी शब्बो बरी आहे. ताप नाही, खोकला नाही. वरणभात खाते. फक्त केस कुणाला विंचरू देत नाही, त्यामुळे अम्मीची आणि तिची रोज सकाळी लढाई असते.

फोन केला असता. पण इकडे शेजारी किसनरावांच्या ओसरीवर उभं राहून बोलावं लागतं आणि तिकडे तुझ्या भावाच्या, मुजफ्फरभाईच्या दुकानात. आपलं बोलणं तुझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर चार जणांनी ऐकलेलं असतं. म्हणून पत्र. आणि मराठीत, कारण आपण दोघी मराठी शाळेतल्या, आणि लग्न होऊन आलीस तेव्हा आपण चिठ्ठ्याही मराठीतच लिहायचो, अब्बांना वाचता येऊ नयेत म्हणून.

तू डिसेंबरात गेलीस आणि आठवडाभरात किसनराव अब्बांकडे आले. यंदा खरेदी केंद्र सुरूच होईना, व्यापारी मागेल तो भाव देईना, साऱ्या गावाचा कापूस घराघरांत पडून. त्यांच्या घरात तर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तुमची खोली रिकामी आहे ना, असं ते म्हणाले, आणि म्हणताच त्यांनी जीभ चावली. अब्बा म्हणाले, आणून टाका. तुझा पलंग उभा करून भिंतीला लावला आणि छताच्या आड्यापर्यंत कापूस भरला. लेकाच्या हत्यारांची पेटी, अब्रारची, तेवढी अब्बांनी बाहेर काढून घेतली. घरभर खाज सुटली, चटणीतही कापसाचे तंतू. तरी मला बरं वाटलं. रिकामी खोली पाहण्यापेक्षा भरलेली बरी.

जानेवारीत छपराच्या कवेलूंवर खडखड सुरू झाली. किसनरावांना वाटलं घूस आहे. ते म्हणाले, "मिस्त्री, दोन गोळ्या टाकतो, सकाळी साफ. कायले जिवाले त्रास?" अम्मी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "इस घर में जहर नहीं आएगा, किसनभाऊ." इतकंच. किसनरावांनी कान पकडले. "चुकलं, भाभी," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. तुला सांगायला नको. फवारणीच्या पंपाचं तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकून मोकळं करायचं, हे आपल्याकडचा प्रत्येक पंपवाला करतो. अब्बांनी जन्मभर तेच केलं, अब्रारला त्यांनीच शिकवलं. ऑगस्टात अब्रार त्याच विषानं गेला, तेव्हापासून दुकानात दुरुस्तीला एकही पंप घेतलेला नाही. येतो तो अब्बा परत पाठवतात.

मग एका संध्याकाळी मला आड्यावर शेपूट दिसली. लांब, काळी, घुशीची नव्हे. नेमसिंगांनी ऐकूनच सांगितलं, उदमांजर आहे, कोणाचं वाईट करत नाही, पकडून रानात सोडा. बाजारात काय मिळतं ते अब्बा पाहून आले. चाप होता, तो पाय मोडतो. गोंदाचा पुठ्ठा होता, त्याला चिकटून जनावर उपाशी मरतं. उंदराचे पिंजरे होते, त्यात शेपूटही मावली नसती. अब्बा रिकाम्या हातानं आले आणि म्हणाले, मीच करतो.

भाभी, अब्रारनंतर मी त्यांना इतकं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं. जाळी त्यांनी बारीक घेतली, म्हणजे नाक घुसवून सोलून निघणार नाही. तारेचं प्रत्येक टोक कानशीनं घासलं आणि आतून स्वतःचा हात फिरवून पाहिला. तळाला पत्रा घातला, नखं अडकू नयेत म्हणून. खाली पडणाऱ्या दाराच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली, शेपूट सापडली तरी चेचू नये म्हणून. स्प्रिंग अब्रारच्या पेटीतली. मागचा अर्धा भाग गोणपाटानं झाकला, कारण नेमसिंग म्हणाले होते की अंधार असला की जनावर कमी घाबरतं. अम्मी म्हणाली, "बेटी के दहेज की पेटी भी इतनी जतन से नहीं बनाई थी." अब्बा हसले. खरंच हसले.

आत पिकलेलं केळं ठेवलं. दुसऱ्याच पहाटे दार पडलेलं होतं. नेमसिंग म्हणाले होते, नेण्याआधी मला दाखवा, मादी असली तर पाहावं लागतं. पण ते त्या दिवशी वणव्याच्या ड्यूटीवर दूर गेले होते. ऊन चढलं तर आत तडफडेल, म्हणून अब्बांना थांबवेना. गोणपाट उचलून आपण तरी बघू या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, नको, घाबरेल. वर अम्मीची जुनी चादरही टाकली. पिंजरा लूनाला बांधला आणि पार दारव्हा रोडच्या सागाच्या जंगलात, नदीपलीकडे नेऊन सोडला, म्हणजे वाट शोधत परत येणार नाही. जाताना त्याच्यासाठी आणखी एक केळं नेलं.

घरी आले ते समाधानानं. म्हणाले, कुठे खरचटलंही नाही त्याला.

त्या दिवसापासून शब्बो म्हणायला लागली की कापूस रडतो. तुझ्या खोलीच्या दाराशी बसायची आणि सांगायची, "फूफी, कपास रो रहा है." आम्हाला वाटलं, त्या दारापाशी तिला तुझी आठवण येते. अम्मी तिला उचलून आणायची, ती पुन्हा जाऊन बसायची. अब्बा म्हणाले, तिला गूळ द्या.

मग केंद्र सुरू झालं आणि किसनराव बैलांची बंडी घेऊन आले. कापूस उपसता उपसता कोपऱ्यात तुझ्या पलंगाच्या पायापाशी तीन पिल्लं निघाली. डोळे नुकते उघडलेली. एक गार पडलेलं, दोन हलत होती. किसनराव म्हणाले, "अरे देवा, हे तं बाळंतीण होती." आणि बंडी तशीच उभी ठेवून ते खाली बसले.

नेमसिंग आले. कोणाला रागावले नाहीत. म्हणाले, पिल्लं त्याच पिंजऱ्यात ठेवू, दार वर बांधून टाकू, आणि जिथं सोडलं तिथं नेऊन ठेवू. आई आवाज ऐकून आली तर उचलून नेईल. अब्बा आणि ते दोन रात्री तिकडे लांबून राखण करत बसले. ती आली नाही. नेमसिंग म्हणाले, "ते कायले इथं थांबते मिस्त्री, ते घराकडेच निंगाली असंन." तेव्हा पिल्लं घरी आणली. कापसाची वात बकरीच्या दुधात भिजवून अब्बा पाजत होते. पिल्लू वात तोंडात घ्यायचं, सोडायचं आणि मान इकडेतिकडे फिरवून काहीतरी शोधायचं. दुसरं परवा गेलं. तिसरं काल.

परवाच अम्मीनं तोंड उघडलं. किती दिवस मनात धरून होती कोण जाणे. भाकरी थापता थापता म्हणाली, "पिंजरा तो बहुत सोच के बनाया जी. किसी को खरोंच नहीं आई. तुम्हारे हाथ से किसी को खरोंच नहीं आती." अब्बा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं नाही, रागावलेही नाहीत. पूर्ण जेवले. तुझे इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले आणि मुजफ्फरभाई न्यायला आला तेव्हाही अब्बांनी आवाज चढवला नव्हता. तुला नवे कपडे घेतले, डबा दिला, गाडीत खिडकीची जागा धरली. तू तरुण आहेस, तुझं पुढे सगळं व्हायचंय, आणि शब्बो अब्रारची निशाणी, ती इथंच राहील, असं त्यांनी किती हळू सांगितलं होतं. तू खिडकीतून बघत होतीस आणि शब्बो त्यांच्या कडेवर गूळ खात होती.

काल लिंबाखाली खड्डा केला. शब्बो उभी होती. तिनं अब्बांना विचारलं, "दादा, इसकी अम्मी आएगी ना?" अब्बा तिला नेहमी काहीबाही सांगतात. तू बाजारात गेलीस, तू ईदला येशील. काल त्यांनी काही सांगितलं नाही. माती सारखी केली, हात धुतले आणि किसनरावांकडे गाड्यांची चौकशी करायला गेले. परत येऊन मला विचारलं की यवतमाळहून तुमच्या उमरखेडची गाडी पुसदवरूनच जाते ना.

त्यासाठी हे लिहितेय, भाभी. येत्या शुक्रवारी पहिल्या गाडीनं अब्बा शब्बोला घेऊन निघतील. जुम्म्याची नमाज उमरखेडलाच पढेन म्हणाले. तिचे सगळे कपडे अम्मीनं बांधलेत, थंडीचेही आणि उन्हाळ्याचेही, यावरून काय ते समज. अम्मी बांधते आणि सोडून पुन्हा बांधते. अब्बांचा बेत असा दिसतो की तिला तुझ्या हाती द्यायची, पाणी प्यायचं आणि आल्या गाडीनं परतायचं. माफीबिफीचे शब्द त्यांच्याच्यानं निघायचे नाहीत. मुजफ्फरभाईला सांग, त्या दिवशी काही बोलायचं असेल तर ते पुढच्या वेळेसाठी ठेव. आणि जमलं तर तू त्यांना जेवायला थांबव. इतक्या वर्षांत, दारात कोणी लेकरू नाही अशा घरी ते कधी परतलेले नाहीत.

शब्बोला अजून सांगितलेलं नाही. गाडीत बसल्यावरच सांगतील. ती आली की तिचे केस तू विंचर, आणि ती कधी म्हणाली की अमुक तमुक रडतंय, तर उठून बघून ये.

तुझीच, नणंद कमी आणि मैत्रीण जास्त,
आरिफा