कोल्हारला जाऊन येते

आई, तुझी नात काल नवऱ्याला आणि लेकीला घेऊन मुंबई बघायला गेली. महिनाभर तिचं ठरवणं चाललं होतं. मोबाईलवर स्वस्तातली खोली शोध, कुठे फुकटात जाता येतं ते बघ. मला म्हणाली, "आई, तुझी तर आजीबरोबर मुंबई बघून झालीय. आम्ही तिघंच जातो, तेवढंच एक तिकीट वाचेल." मी म्हटलं, "जा की." तुझ्याबरोबर मुंबई पाहिल्याचं ती लहान असताना मीच तिला सांगितलं होतं. तुझी लाज राखायला सांगितलं की माझी, ते आता आठवत नाही.

मी तेव्हा सातवीत होते. जामखेडच्या आपल्या दोन खोल्या, चुलीपासून चार हातांवर तुझं शिलाई मशीन. एका संध्याकाळी पायडल थांबवून तू म्हणालीस, "उन्हाळ्यात आपन दोघी मुंबईला जाऊ. पर कमी पैशात कसं व्हईल ते तू काढ. तुला वाचता येतं." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. भूगोलाच्या बाईंकडून नकाशा आणला, स्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारलं, आणि वहीचं मधलं जोडपान काढून सगळं लिहिलं. रात्रीची एसटी धरली की एका मुक्कामाचं भाडं वाचतं. धर्मशाळेत एकच रात्र. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यायची. टॅक्सी नको, बस. लाँचमध्ये बसायचं नाही, काठावरूनच बघायचं. राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी, म्हणून बुधवार टाळायचा. तू भाकरी थापता थापता ऐकतेस आणि मध्येच विचारतेस, "आन समुद्राला तिकीट किती?" मी सांगते, अगं, समुद्र फुकट असतो. तू पिठाचा हात तोंडापुढे धरून हसतेस. तुला इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

परीक्षा संपली आणि तू म्हणालीस, "औंदा जमत न्हाई." मी हट्ट केला नाही. दोनच दिवसांनी कोल्हारची मावशी आजारी पडल्याचं सांगून तू पिशवी भरलीस. "कोल्हारला जाऊन येते. आप्पांना येळेवर जेवायला घाल." चार दिवस मी भाकऱ्या करपवल्या आणि मावशीसाठी देवापुढे दिवा लावला. तू आलीस ती उन्हानं रापून, आणि माझ्यासाठी पिवळा फ्रॉक घेऊन. कोल्हारच्या बाजारातला, म्हणालीस. तो मी अख्खा उन्हाळा घातला.

दिवाळीत मावशी आली. तू करंज्या तळत होतीस. मावशीनं मला जवळ ओढून पाठीवर थाप मारली. "पोरी, तुझा कागद लई कामाला आला बग! एकदा बी चुकलो न्हाई आमी. बुधवारचं बी लिवलं हुतंस! तुला ताप नसता आला, तर तू बी आली असतीस."

मला कसला ताप? मी तुझ्याकडे पाहिलं. तू वळली नाहीस. कढईतली करंजी काळी पडत चालली तरी झारा हातात तसाच. मावशी आधी माझ्याकडे, मग तुझ्या पाठीकडे बघत राहिली.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी तूच माझ्यावर ओरडलीस, "मुंबई काय पळून चाललीय? नवरा दाखवील की!" नवऱ्यानं नाही दाखवली. कधी जनावरं, कधी सासूबाईंचं दुखणं, आणि मग तोच गेला.

तुझ्या शेवटच्या आजारपणात, नगरच्या दवाखान्यात, तू आपणहून विषय काढलास. मी मोसंबं सोलत होते. छताकडे बघत म्हणालीस, "दोन दिस कुनी आई म्हनून हाक मारू नये, असं वाटलं हुतं गं. बास, तेवढंच." मी म्हटलं, "मग तसं सांगायचंस. मी हसत जाऊ दिलं असतं." तू माफी मागशील म्हणून मी फोड हातात धरून थांबले. तू डोळे मिटून घेतलेस.

तेव्हाच्या तुझ्यापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, कळून राग मात्र कमी होत नाही. मला सोडून जायचं होतं तर कागद माझ्याकडून कशाला लिहून घेतलास? रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसून बेत केलास, तेव्हाच तुझं ठरलं होतं का? हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आज दुपारी तुझ्या नातीनं फोनवर समुद्र दाखवला. वाऱ्यानं तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. "आई, तेव्हापण असाच होता का गं?"

"असाच होता," मी म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणी वाचणारही नाही, म्हणून एवढं लिहिते. दवाखान्यात मी बोलले ते खरं नव्हतं. तू सांगितलं असतंस, तर मी दारात आडवी पडून रडले असते. तुला जाऊ दिलं नसतं.